फैजपूर, डिसेंबर १९३६: मतभेद उघड ठेवून लढवलेली निवडणूक

निवडणूक तोंडावर आली की पक्ष एकमुखी दिसला पाहिजे, हा आजचा अलिखित नियम आहे. नेत्यांमधले मतभेद झाकायचे, अडचणीचा प्रश्न टाळायचा आणि प्रतिस्पर्ध्याशी एखाद्या मुद्द्यावर आपले जुळते हे चुकूनही कबूल करायचे नाही. खानदेशाच्या इतिहासात या नियमाला छेद देणारे किमान दोन प्रसंग आहेत. पहिला अधिक महत्त्वाचा, म्हणून त्यावर अधिक लिहितो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन तेव्हाच्या पूर्व खानदेश, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. टिळकनगर, नंदलाल बोस यांनी बांबूतून केलेली सजावट, धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांचे कष्ट, हे सारे आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असते. त्या अधिवेशनाची वेळ मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. १९३५ च्या कायद्यानुसार होणाऱ्या प्रांतिक निवडणुका अवघ्या काही आठवड्यांवर आल्या होत्या. मुंबई प्रांतात फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान व्हायचे होते.

आणि नेमक्या त्या वेळी पक्षात सर्वांत मूलभूत प्रश्नावर दुफळी होती: निवडणूक जिंकलो तर मंत्रिपदे स्वीकारायची की नाही?

प्रश्न दिसतो तितका विचित्र नव्हता. नव्या कायद्याने प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे येणार होती, पण गव्हर्नरच्या हाती विशेष अधिकार कायम राहणार होते. जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेसमधील समाजवादी यांचे म्हणणे असे, की जो कायदा आपण मोडून काढायला निघालो त्याच कायद्याखाली शपथ कशी घ्यायची? सरदार पटेल, राजाजी प्रभृतींना वाटे, की हाती येणारे साधन प्रसंग पाहून वापरण्याची मोकळीक असावी.

हा वाद सौम्य नव्हता. जून १९३६ च्या अखेरीस वर्किंग कमिटीच्या सात सदस्यांनी अध्यक्ष नेहरूंकडे राजीनामे पाठवले. अध्यक्षांनी आणि समाजवादी सदस्यांनी चालवलेला समाजवादाचा प्रचार देशाच्या हिताला बाधक आहे, ही त्यांची तक्रार. सह्या होत्या राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जयरामदास दौलतराम, वल्लभभाई पटेल, जमनालाल बजाज, कृपलानी आणि शंकरराव देव यांच्या. गांधीजींनी मध्यस्थी केली आणि राजीनामे मागे घेतले गेले. ते पत्र त्या वेळी लोकांपुढे आले नाही. नेहरूंनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या जुन्या पत्रांच्या संग्रहात ते वाचायला मिळते. म्हणजे इथवरचे भांडण घरातले होते.

नोव्हेंबरमध्ये ते अंगणात आले. फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी नेहरूंबरोबर पटेलांचेही नाव पुढे आले होते. पटेलांनी माघार घेतली. आज अशी माघार घेणारा नेता काय म्हणेल, याची कल्पना आपण करू शकतो. पटेलांनी काढलेले निवेदन त्याहून निराळे आहे. आपण नाव मागे घेतो याचा अर्थ नेहरूंची सर्व मते आपल्याला मान्य आहेत असा नव्हे, काही महत्त्वाच्या बाबतींत आमचे पटत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मंत्रिपदे स्वीकारणे इष्ट ठरेल असा प्रसंग येऊ शकतो आणि तेव्हा आम्हा दोघांत तीव्र मतभेद होऊ शकतो, हेही सांगितले. शिवाय काँग्रेसचा अध्यक्ष हुकूमशहा नसतो, एखाद्याला निवडून दिल्याने संस्था आपले अधिकार त्याच्या हवाली करत नाही, अशी आठवण करून दिली. आणि एवढे सांगून प्रतिनिधींना नेहरूंनाच निवडण्याचे आवाहन केले!

नेहरूंनीही आपल्या बाजूने स्पष्टीकरण केले होते: आपली निवड म्हणजे समाजवादाला किंवा सत्ताग्रहणाच्या विरोधाला मिळालेला कौल असे मानणे हास्यास्पद ठरेल. विजयाचा अर्थ विजेत्यानेच आखडता घ्यावा, हे राजकारणात क्वचित घडते.

फैजपूरच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते शंकरराव देव. सहा महिन्यांपूर्वी नेहरूंविरुद्धच्या पत्रावर सही करणारेच हे देव. त्यांनी नेहरूंचे स्वागत केले आणि नेहरूंनी अध्यक्षीय भाषणात सत्ताग्रहणाविरुद्धचे स्वतःचे मत पुन्हा मांडले. अधिवेशनाने मात्र निर्णय निवडणुकीनंतर अखिल भारतीय काँग्रेस समितीने करावा असे ठरवले.

इथे एक शंका रास्त आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मतदाराला सर्वाधिक हवे, तोच पुढे ढकलणे याला मोकळेपणा म्हणायचे की पळवाट? पळवाटीचा अंश त्यात होता, असे मला वाटते. फूट टळावी आणि निवडणूक पार पडावी हा हिशेब उघड आहे. पण एक फरक विसरता येत नाही. हा प्रश्न अनिर्णित आहे, हे काँग्रेसने लपवले नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईत मंजूर झालेल्या निवडणूक जाहीरनाम्यातच लिहिले होते, की सत्ताग्रहणाचा निर्णय निवडणुकीनंतर होईल. जिंकल्यावर पक्ष काय करील हे मतदाराला ठाऊक नव्हते. ते पक्षालाही ठाऊक नाही, एवढे मात्र त्याला ठाऊक होते.

मतदार म्हणजे तरी कोण? १९३५ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी लोकांना मताधिकार दिला होता, तोही मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या कसोटीवर. फैजपूरला लोटलेल्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांपाशी मतच नव्हते. मनमाडहून पाचशेवर किसान वाटेत प्रचार करीत पायी फैजपूरला आले होते, कारण किसान सभेचे अधिवेशनही तिथेच होते. त्यांचे स्वागत करणाऱ्यांत नेहरू होते, शंकरराव देव होते, आणि मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, श्रीपाद अमृत डांगे, युसुफ मेहेरअली हेही होते. गांधीवादी, समाजवादी, साम्यवादी आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले रॉय, असे हे मिश्रण! अधिवेशनाने मंजूर केलेला शेतीविषयक कार्यक्रम, म्हणजे सारा आणि खंड यांत सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतकरी संघटनांना मान्यता, हा या साऱ्यांना कमीअधिक प्रमाणात मान्य होता. मंत्रिपदांवर न जुळणारी माणसे शेतकऱ्याच्या कर्जावर जुळली. कापसाचे भाव कोसळलेल्या खानदेशात हे जुळणे शोभेचे नव्हते.

पुढचे थोडक्यात. उमेदवारांची निवड पटेलांच्या हाती, देशभरचा झंझावाती प्रचार नेहरूंच्या. मुंबई विधानसभेत काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. मार्च १९३७ मध्ये दिल्लीला मतदान झाले तेव्हा सत्ताग्रहण साफ नाकारण्याची जयप्रकाश नारायण यांची दुरुस्ती ७८ विरुद्ध १३५ मतांनी फेटाळली गेली. नेहरू हरले आणि अध्यक्षपदी राहिले. गव्हर्नरच्या अधिकारांवरून आणखी काही महिने घोळ चालला. मुंबईत तोवर धनजीशा कूपर यांचे औटघटकेचे मंत्रिमंडळ होते; जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचे आले. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा १९३९ साली मुंबई प्रांतात झाला.

या मोकळेपणाला मर्यादा होत्याच. खेरांची निवड झाली तेव्हा के. एफ. नरिमन यांनी पटेलांवर जाहीर आरोप केले. चौकशीत ते सिद्ध झाले नाहीत, पण कटुता उरली.

दुसरा प्रसंग वीस वर्षांनंतरचा. फैजपूरला किसानांचे स्वागत करणारे देव आणि डांगे दोघेही संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नात पुन्हा दिसतात. देव १९४६ पासून संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेतृत्व करीत होते. डांगे १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या अग्रभागी होते. या समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष होते. आमचे बाकी काही जुळत नाही, मुंबईसह महाराष्ट्र एवढ्यावर जुळते, अशी ही उघड तडजोड होती. निवडणुकीपुरता जनसंघही तिच्याबरोबर आला.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत खानदेशाने दिलेला निकाल म्हणूनच वाचण्याजोगा आहे. पूर्व खानदेशातून निवडून आले अपक्ष नौशेर भरुचा, मुंबईचे पारशी वकील. धुळ्यातून आले जनसंघाचे उत्तमराव पाटील. त्या वर्षी जनसंघाला साऱ्या देशात चारच जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. ज्या आघाडीचे डांगे आघाडीचे नेते, तिच्या लाटेत धुळ्याने जनसंघाचा खासदार दिल्लीला पाठवला. हे मतदाराच्या गोंधळाचे लक्षण मानणारे असतील. मला तसे वाटत नाही. मतदाराला कोण कुठल्या पक्षाचा हे माहीत होते, कारण कोणी ते लपवले नव्हते.

ही सोबत टिकली नाही. जनसंघ लवकरच बाहेर पडला आणि राज्य मिळाल्यावर समितीही विस्कटली. उत्तमराव पाटील मात्र १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले आणि १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाचे महाराष्ट्रातील पहिले प्रदेशाध्यक्ष.