कोंडा: एका नांवाखालचीं दोन दुखणीं

चाळणीनें पीठ चाळून घेतलें कीं वर जें हलकें फोल उरतें त्याला मराठींत कोंडा म्हणतात; आणि केस विंचरतांना खांद्यावर जी पांढरी भुकटी पडते तिलाहि कोंडाच म्हणतात. हें साम्य केवळ मराठी माणसालाच दिसलें असें नाहीं. ग्रीक वैद्यांनीं या विकाराला 'पिटिरियासिस' हें नांव दिलें तें 'पिटुरॉन' म्हणजे धान्याचा कोंडा या शब्दावरून. लॅटिन भाषेंत कोंड्याला 'फुर्फुर' म्हणतात, आणि तोहि शब्द त्वचेच्या वैद्यकांत आजतागायत टिकून आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकाच वस्तूकडे पाहून एकच उपमा सुचावी, ही गोष्ट मोठी मौजेची खरी. परंतु पुढचा सारा घोटाळा या उपमेंतूनच निघाला. कोंडा हें नांव जें पडतें त्याचें आहे; तें कां पडतें याविषयीं तें नांव मुकें आहे. डोक्यावरून पापुद्रे पडण्याचीं दोन अगदीं निराळीं कारणें नित्य आढळतात. एकांत डोक्याची कातडी कोरडी पडलेली असते. दुसऱ्यांत ती बहुधा तेलकट असते. एकाला जें पथ्य, तेंच दुसऱ्याला अपथ्य. हा भेद कळण्यास माणसाला फार काळ लागला.

भारतीय वैद्यकांतील या विकाराचें एक जुनें व नेटकें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत सुश्रुतानें 'दारुणक' नांवाचा रोग सांगितला आहे. त्यांत केशभूमि कठीण होते, तिला खाज सुटते, ती रूक्ष होऊन फुटते. आणि याचें कारण कफ व वात या दोन दोषांचा प्रकोप. वाताचा धर्म रूक्षता आणि कफाचा स्निग्धता. एकाच रोगाच्या मुळाशीं ही विरुद्ध गुणांची जोडी बसवितांना प्राचीन वैद्याच्या नजरेपुढें कोरडीं व तेलकट अशीं दोन्ही प्रकारचीं डोकीं असावींत, असा तर्क करण्यास जागा आहे. त्याची चिकित्साहि दुहेरी आहे. एकीकडे अभ्यंग व शिरोबस्ति, म्हणजे डोक्यावर तेल मुरविणें. दुसरीकडे कोद्रवाच्या, म्हणजे हरकाच्या, काडाच्या क्षाराचें पाणी करून त्यानें डोकें धुणें. तेल कातडी मऊ करतें, क्षार तेल कापून काढतो.

महाराष्ट्रांतील घरांत तेल आणि शिकेकाई, तेल आणि रिठा ही जोडी याच वळणाची होती. परंतु या जोडींतील दोन्ही अंगांना सारखा मान मिळाला नाहीं. मुलाला पुढ्यांत बसवून टाळूवर तेल जिरविणें हें मायेचें काम. शिकेकाई कुटणें, उकळणें, गाळणें आणि डोळ्यांत जाऊं न देतां केस धुणें हें कष्टाचें. म्हणून 'डोक्यांत कोंडा झाला' असें कोणी म्हणतांच वडील मंडळींचा हात प्रथम तेलाच्या वाटीकडे जातो. तो हात योग्य जागीं जातो कीं नाहीं, हें समजण्यासाठीं युरोपांत सुरू झालेल्या एका लांबलचक वादाकडे वळावें लागतें.

१८०८ सालीं लंडनचे डॉ. रॉबर्ट विलन यांनीं त्वचारोगांवरील आपल्या ग्रंथांत रोगांचे वर्ग पाडले ते डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून. पुळ्यांचे रोग एका वर्गांत, खवल्यांचे दुसऱ्या, फोडांचे आणखी वेगळ्या. कोंडा अर्थातच खवल्यांच्या वर्गांत गेला. तत्पूर्वीं त्वचारोगांच्या नांवांचा जो गोंधळ माजला होता तो पाहतां ही व्यवस्था मोलाची होती. पण डोळ्यांना जे सारखे दिसतात ते सारे खवले तिनें एकत्र बांधले. पुढें व्हिएन्ना येथील थोर त्वचावैद्य फर्डिनांड हेब्रा यांनीं कारणाकडे एक पाऊल टाकलें. केसांच्या मुळाशीं तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथि असतात. त्यांचें तेल वाळून त्याचे हे खवले होतात, असें त्यांचें मत होतें. खवला तेलाचा नसतो, मेलेल्या पेशींचा असतो. त्यामुळें हें मत टिकलें नाहीं. तरीपण या दुखण्याचा तेलाशीं संबंध आहे, ही खूणगांठ त्यांनीं बांधून ठेवली.

यानंतर सूक्ष्मदर्शक यंत्राचा काळ आला. १८४६ सालीं जर्मनींतील आइखस्टेट यांनीं अंगावरच्या शिब्यांच्या खवल्यांत एक बुरशी पाहिली. १८७४ सालीं पॅरिसचे लुई-शार्ल मालासेझ यांनीं डोक्यावरच्या कोंड्यांत कळ्या फुटणाऱ्या गोल व लांबट पेशी पाहिल्या, आणि कोंड्याचें कारण याच, असें सांगितलें. १८८९ सालीं बाइयाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानें या कुळाला त्यांच्या नांवावरून 'मालासेझिया' हें नांव दिलें. १९०४ सालीं पॅरिसचेच रेमों साबुरो यांनीं मालासेझ यांची बाजू उचलून धरली.

परंतु या मतावर एक आक्षेप असा होता कीं त्याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. ज्यांच्या डोक्यांत कोंड्याचा मागमूसहि नाहीं अशा धडधाकट माणसांच्या डोक्यावरहि हीच बुरशी सांपडे. ज्याच्या घरीं चोरी झाली नाहीं त्याच्याहि ओसरीवर जो रोज बसलेला दिसतो, त्याला चोर कसें म्हणावें? दुसरी अडचण प्रयोगशाळेंतली होती. इतर बुरशा ज्या खाद्यावर भराभर वाढत, त्यावर ही वाढत नसे. आणि जी वाढवितां येत नाहीं तिचा गुन्हा शाबीत करणेंहि कठीण.

ही दुसरी अडचण सोडविण्याच्या कामांत भारताचाहि हात लागला आहे. १९२७ सालीं कलकत्त्याचे डॉ. गणपति पांजा यांनीं या बुरशीची लागवड, तिचें रूप व तिच्या जाति यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि शिब्यांची बुरशी व डोक्यावरची बुरशी यांना एकाच कुळांत स्थान दिलें. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथील ऱ्होडा बेनहॅम यांनीं या बुरशीच्या हट्टाचें मर्म उघड केलें: तिला खाद्याबरोबर स्निग्ध पदार्थ लागतो. खाद्यावर ऑलिव्हच्या तेलाचा थर दिला कीं ती वाढूं लागते. म्हणजे ती तेलावर जगणारी बुरशी आहे. हें कळतांच हेब्रांचें तेल व मालासेझ यांची बुरशी हे दोन तुटक धागे एकत्र आले. बुरशी डोक्यावर कां राहते याचें उत्तर मिळालें. मात्र ती सर्वांच्याच डोक्यावर असून कोंडा थोड्यांनाच कां होतो, हा जुना आक्षेप जेथल्या तेथेंच राहिला.

मध्यंतरीं औषधें शास्त्राची वाट पाहत थांबलीं नव्हतीं. गंधक, सॅलिसिलिक आम्ल व कोळशाचें डांबर हीं जुनीं औषधें होतींच. १९५० नंतर सेलेनियम सल्फाइड आलें व १९६० नंतर झिंक पायरिथिऑनचे शांपू बाजारांत आले. गुण येई, पण तो कां येतो याविषयीं एकमत नव्हतें. १९७६ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या लेडन, मॅकगिन्ली व क्लिगमन यांनीं प्रसिद्ध केलें कीं, बुरशी औषधानें दडपली तरी कोंडा कमी होत नाहीं. सबब बुरशी निर्दोष आहे व हीं औषधें केवळ त्वचेच्या पेशींची वाढ मंदावतात. मालासेझ यांचा शंभर वर्षांचा दावा फेटाळला गेला असें वाटूं लागलें. तोंच १९८४ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसलचे सॅम शुस्टर यांनीं निकाल फिरविला. केटोकोनॅझोल हें बुरशीवरचें नवें औषध तोंपर्यंत हातीं आलें होतें. त्यानें बुरशी हटली कीं कोंडा जातो, आणि बुरशी परतली कीं कोंडाहि परततो, हा त्यांचा मुद्दा होता.

राहिलेल्या आक्षेपाचें उत्तर २००५ सालच्या एका प्रयोगानें पुष्कळ अंशीं दिलें. ही बुरशी डोक्यावरचें तेल फोडते, त्यांतील आपल्याला हवा तो भाग खाते व ओलेइक आम्लासारखा उरलेला भाग टाकून देते. अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रथम डोक्यावरची बुरशी काढून टाकली व नंतर नुसतें ओलेइक आम्ल लावून पाहिलें. ज्यांना कोंड्याची खोड होती त्यांच्याच डोक्यावर पापुद्रे सुटले. इतरांना कांहीं झालें नाहीं. म्हणजे बुरशी सर्वांच्या घरीं राहते हें खरें, पण तिचा उपद्रव ज्याच्या त्याच्या कातडीच्या सोशिकपणावर अवलंबून आहे. २००७ सालीं 'मालासेझिया ग्लोबोजा' या जातीची संपूर्ण जनुकमाला वाचण्यांत आली, तेव्हां स्निग्ध आम्लें स्वतः तयार करण्याची सोयच तिच्याजवळ नाहीं असें आढळलें. परक्याच्या तेलावांचून तिला गत्यंतरच नाहीं.

कोंड्याचा वयाशीं असलेला संबंधहि यावरून उलगडतो. तेलाच्या ग्रंथि जन्मानंतर कांहीं महिने जाग्या असतात. तेव्हां तान्ह्या मुलाच्या टाळूवर पिंवळट खपल्या धरतात. मग त्या ग्रंथि निजतात व वयांत येतांना पुन्हां जाग्या होतात. खरा कोंडाहि बहुधा त्याच वयांत सुरू होतो.

कोरड्या कातडीची हकीकत याहून साधी आहे. तिच्यांत बुरशीचा कांहीं संबंध नसतो. थंडीची कोरडी हवा, कढत पाणी, कडक साबण किंवा रोजचें डोकें धुणें यांनीं कातडीवरचें स्निग्ध कवच निघून जातें, आंतला ओलावा उडतो, आणि वरचा थर भुकटीसारखा सुटतो. या दुखण्याचा कोणी मोठा वाद घातला नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच तें दुसऱ्याच्या नांवाखालीं निमूटपणें वावरत राहिलें.

या इतिहासानें हातीं दिलेली परीक्षा कोणत्याहि घरांत करतां येण्याजोगी आहे. कोरड्या डोक्याचा पापुद्रा बारीक, पांढरा व सुका असतो. झटकला कीं उडून जातो. कातडी ताणल्यासारखी वाटते, आणि बहुधा हातापायांची त्वचाहि त्याच वेळीं फुटलेली असते. थंडी सरली कीं तक्रारहि सरते. खऱ्या कोंड्याचा पापुद्रा मोठा, पिंवळट व चिकट असतो. तो केसांना धरून राहतो. त्याखालची कातडी तेलकट व कधीं लालसर दिसते, खाज अधिक असते, आणि भुंवया, नाकाच्या कडा व कानांची मागची बाजू या तेलाच्या इतर जागींहि तसेच खवले आढळतात. थंडींत तो वाढतो, पण ऋतु पालटल्यानें समूळ जात नाहीं.

उपचारहि मग आपोआप वेगळे होतात. कोरड्या डोक्याला कढत पाणी वर्ज्य करावें, धुणें कमी करावें, सौम्य साबण किंवा शांपू वापरावा, आणि थोडें तेल खुशाल लावावें. येथें वडील मंडळींचा हात योग्य जागीं जातो. खऱ्या कोंड्यांत मात्र तेल मुरवून ठेवणें म्हणजे पाहुण्याला जेवणाचें ताट वाढणें होय. तेथें केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शांपू आठवड्यांतून दोनदां लावावा. तो केसांना नव्हे, कातडीला लागला पाहिजे. आणि लावतांच धुऊन न टाकतां तीन ते पांच मिनिटें राहूं द्यावा. बाटलीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. दोन ते चार आठवड्यांत उतार पडतो. मग आठवड्या-दोन आठवड्यांनीं एकदां तोच क्रम चालू ठेवावा लागतो, कारण बुरशी डोक्यावरची कायमची रहिवासी आहे. तिला आवरतां येतें, हद्दपार करतां येत नाहीं. महिनाभर करूनहि गुण न आला, खवले जाड व चंदेरी दिसले, किंवा मुलाच्या डोक्यावर चट्टे पडून केस जाऊं लागले, तर तें तिसरेंच दुखणें समजून त्वचेच्या वैद्याकडे जावें.

कोंड्याचा मांडा करून संसार चालविणाऱ्या गृहिणीची थोरवी मराठी बोलीनें गायिली आहे. या दुसऱ्या कोंड्याचा मांडा होत नाहीं. पण कोंडा पाखडतांना तो कोणत्या धान्याचा हें ती जशी बोटानें चोळून पाहते, तसें येथेंहि पाहावें. तेलाची वाटी पुढें ओढण्यापूर्वीं भांग पाडून कातडीवर बोट फिरवावें. बोट कोरडें राहिलें तर वाटी कामाची. बोटाला तेल लागलें तर वाटी तशीच फडताळांत परत ठेवावी.