शुद्धिहरणाची भीती व सांधेरोपण

शुद्धिहरणाची भीती व सांधेरोपण : शस्त्रक्रियेपूर्वी भूल द्यावयाची असता रोग्याच्या मनात उत्पन्न होणारी चिंता. खुबा व गुडघा यांच्या रोपणात तिला विशेष महत्त्व आहे. कारण ही शस्त्रक्रिया बहुधा उतारवयात व आधी ठरविलेल्या दिवशी होते आणि विचार करण्यास रोग्याला पुष्कळ अवधी मिळतो. पुन्हा जाग येणार नाही, मध्येच शुद्ध येईल किंवा पाठीत सुई टोचल्याने पाय लुळे पडतील, ही या भीतीची नेहमीची रूपे होत. त्यांपैकी प्रत्येकीला इतिहास आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन यांनी ईथराचा यशस्वी जाहीर प्रयोग केला. तोपर्यंत रोग्याला मुख्य भय वेदनेचे असे. ते ओसरताच भुलीचे भय निर्माण झाले. नोव्हेंबर १८४७ मध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये पायाच्या बोटाचे नख काढताना एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली. अशा मृत्यूंच्या कारणांविषयी दीर्घकाळ वाद चालला. हैदराबादच्या निजामांच्या आश्रयाखाली एडवर्ड लॉरी यांनी १८८८ व १८८९ मध्ये नेमलेल्या आयोगांनी श्वसन प्रथम थांबते, सबब श्वासावरच लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष काढला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनॅलीन रक्तात गेल्यास हृदयाचे स्पंदन अकस्मात विस्कळीत होऊन मृत्यू येतो. भीतीने शरीरात हेच हॉर्मोन वाढते. त्यामुळे रोग्याला शांत ठेवणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून त्याच्या जीविताचाही प्रश्न होता, हे स्पष्ट झाले.

पाठीच्या कण्यातून द्यावयाच्या भुलीचा संबंध आरंभापासूनच सांध्यांशी आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी क्षयग्रस्त घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून ती दिली. पुढे १९४७ मध्ये इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे एकाच दिवशी अशी भूल दिलेल्या दोन रोग्यांचे पाय कायमचे लुळे पडले. १९५४ च्या न्यायनिर्णयात याचे कारण औषधाच्या कुप्यांच्या अदृश्य तड्यांतून शिरलेले फिनॉल हे मानले गेले. नंतरच्या काही अभ्यासकांना उपकरणे उकळण्याच्या भांड्यातील अम्ल अधिक संभाव्य वाटते. ब्रिटनमध्ये या पद्धतीचा वापर त्यामुळे बराच मागे पडला. उलट, १९५४ मध्येच अमेरिकेतील ड्रिप्स व व्हँडॅम यांनी अशा १०,०९८ शुद्धिहरणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत तंत्रिका तंत्राची मोठी कायम इजा आढळली नाही.

१९६२ मध्ये जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे खुब्याच्या रोपणाची आधुनिक पद्धती रूढ केली. त्याच सुमारास भीतीच्या उपायांची शास्त्रीय तपासणी सुरू झाली. मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलातच १९६३ मध्ये एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, पेंटोबार्बिटल दिलेले रोगी गुंगीत गेले, पण शांत झाले असे दिसले नाही. भूलतज्ञाने आधी भेटून बोलणे केलेले रोगी मात्र गुंगीविना अधिक शांत होते. पोटाच्या शस्त्रक्रियांवरील त्यांच्या १९६४ च्या अभ्यासात, वेदनेची पूर्वकल्पना व ती सोसण्याच्या सूचना मिळालेल्या रोग्यांना अफूजन्य वेदनाशामके सु. निम्मीच लागली.

तथापि माहिती जितकी अधिक तितकी चिंता कमी, असे सरळ समीकरण नाही. खुबा व गुडघा रोपणापूर्वीच्या शिक्षणवर्गांचा २०१४ मध्ये आढावा घेतला असता, नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा त्यांनी चिंता निश्चित कमी होते असे दिसले नाही. काहींना तपशील हवा असतो, तर काहींना नको असतो. १९९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे तयार झालेली सहा विधानांची प्रश्नावली म्हणूनच चिंता व माहितीची इच्छा या दोहोंचे मापन करते.

ज्याला मध्येच शुद्ध येण्याचे भय वाटते, त्याला आकड्यांचा आधार देता येतो. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत असे प्रसंग सु. १९,००० सार्वदेहिक शुद्धिहरणांत एक या प्रमाणात नोंदले गेले. रोग्यांना मुद्दाम विचारून केलेल्या पाहण्यांत मात्र हे प्रमाण अधिक येते. कण्यातील भूल घेणाऱ्यास, कमरेखालच्या भागाची संवेदना काही तासांनी परत येते, पायांचा जडपणा तात्पुरता असतो आणि आवाज नको असल्यास सौम्य गुंगी मागता येते, हे आधी सांगणे उपयुक्त ठरते. रोग्याला नेमके कशाचे भय वाटते हे प्रथम विचारणे, हाच या उपायांचा पाया होय.