रायगडाचं दप्तर आणि घरातला संगणक



या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक लढायांबद्दल बोललो. आज कागदांबद्दल बोलणार आहे, आणि कागदांवरून तुमच्या-माझ्या घरातल्या संगणकाबद्दल. बऱ्याच प्रेक्षकांनी विचारलं होतं, "सर, शिवाजी महाराजांच्या काळातली अस्सल मराठी कागदपत्रं इतकी कमी का? तुम्ही सारखे इंग्रजांचे आणि डचांचे दाखले का देता?" प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर मी चेन्नईत राहतो, आणि या प्रश्नाचं उत्तर चेन्नईतूनच चांगलं देता येतं.

मे १६७७. महाराज दक्षिणेच्या स्वारीवर होते. गोवळकोंड्याहून निघून जिंजीकडे जाताना त्यांचं सैन्य मद्रासच्या जवळ आलं. तेव्हा त्यांनी इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात पत्र पाठवून काही पौष्टिक औषधी खडे आणि विषावरचे उतारे मागवले. गव्हर्नर होता विल्यम लँगहॉर्न. इंग्रजांनी माल पाठवला, पण पैसे घेतले नाहीत. इतकी मोठी फौज दाराशी असताना बिल कोण लावणार? त्याच वर्षी पुढे महाराजांनी त्यांच्याकडे अभियंते मागितले, तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत नकार दिला.

एवढा बारीक तपशील आपल्याला कळतो, कारण किल्ल्यातल्या कौन्सिलची बैठक झाली की काय ठरलं ते वहीत लिहिलं जाई, आणि त्या वहीची नक्कल लंडनला रवाना होई. महत्त्वाचं पत्र एकाच जहाजाने जात नसे. एक प्रत या जहाजाने, दुसरी त्या जहाजाने, कारण जहाजं बुडत आणि शत्रू ती पकडतही. कंपनीत नव्याने लागलेल्या पोराचा हुद्दाच मुळी 'रायटर'. दिवसभर नकला काढणं हे त्याचं काम. इतिहास जपावा असा यात कोणाचाही उदात्त हेतू नव्हता, हेही सांगून ठेवतो. लंडनच्या संचालकांना आपल्या नोकरांवर भरवसा नव्हता, त्यांना हिशेब तपासायचा होता.

पण त्या अविश्वासाचा उपयोग झाला. सप्टेंबर १७४६ मध्ये ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीने मद्रास जिंकलं आणि १७४९ पर्यंत ते फ्रेंचांच्या ताब्यात राहिलं. या काळात किल्ल्यातल्या दप्तरालाही झळ बसली. तरी लंडनला गेलेल्या नकला तिथे शाबूत होत्या. मूळ वही जळो, भिजो की शत्रू नेवो, मजकूर सात समुद्रांपलीकडे शिल्लक होता.

आता आपल्याकडे या. आपल्या लोकांना लिहायची सवय नव्हती, असं काही विद्वान सांगतात. मला ते पटत नाही. अष्टप्रधानांकडे पाहा. अमात्य म्हणजे मुजुमदार, त्याच्याकडे जमाखर्च. सचिव म्हणजे सुरनीस, पत्रांचा मजकूर तपासणारा. मंत्री म्हणजे वाकनीस, रोजची नोंद ठेवणारा. आठांपैकी तिघे लेखणीचे! शिवाय चिटणीस वेगळा. ज्या राज्याने कागदाला इतका मान दिला, त्याच्या राजधानीचं दप्तर मात्र आज आपल्या हाती नाही. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. राजाराम महाराज त्याआधीच गडावरून निसटले होते आणि दक्षिणेत जिंजीला पोहोचले. राजा वाचला, राज्य वाचलं, दप्तर नाही वाचलं. सैनिकाच्या नजरेतून पाहिलं तर प्राधान्यक्रम बरोबरच होता. वेढ्यातून निसटणारा माणूस पाठीवर कागदांचे रुमाल घेऊन पळत नाही. म्हणूनच दुसरी प्रत वेढा पडण्याआधी बाहेर असावी लागते.

मग जिंजीत जे घडलं ते आपल्या इतिहासातलं मला फार हृद्य वाटणारं प्रकरण आहे. जिंजी चेन्नईपासून साधारण दीडशे किलोमीटर. तिथे किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा चालू असताना राजाराम महाराजांनी कृष्णाजी अनंत सभासद या जुन्या जाणत्याला सांगितलं की, वडिलांचं चरित्र लिहून काढ. थोरल्या महाराजांना पाहिलेला हा माणूस. त्याने लिहिलं, आणि सभासद बखर आपल्याला मिळाली. आजच्या भाषेत सांगायचं तर मूळ साठवण नष्ट झाल्यावर माणसाच्या स्मरणातून केलेली ही पुनर्प्राप्ती. ती किती मोलाची आहे हे सांगायला नको. पण तिच्यात तारखा फारशा नाहीत आणि घटनांचा क्रम अनेक ठिकाणी मागेपुढे झाला आहे. यात सभासदाचा काही दोष नाही. स्मरणाला माणूस कसा होता, काय बोलला हे आठवतं. तिथी-वार आठवत नाही.

त्या एका तिथीने महाराष्ट्राला किती वर्षं छळलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा? राजधानीच्या दप्तरात हे एका ओळीत मिळालं असतं. ते नसल्यामुळे पुरावा कुठून आला बघा. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. नंतर कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची प्रत स. म. दिवेकरांना मिळाली. कुठे? तंजावरला! ग्रंथ १९२७ मध्ये छापला गेला आणि त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनेही दुजोरा दिला. मावळातलं एक खेडं, कावेरीकाठचं एक ग्रंथालय आणि राजस्थानातलं एका ज्योतिषाचं बाड. रायगडावर जे गेलं, त्यातलं थोडंसं रायगडापासून लांब असलेल्या कागदांनी आपल्याला परत दिलं. महाराजांची जी पत्रं आज आपण वाचतो, त्यांतलीही पुष्कळशी पाठवणाऱ्याच्या दप्तरातली नाहीत, ज्यांना ती गेली त्या वतनदारांच्या घरातली आहेत.

इथून मी संगणकावर येतो.

डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर बातम्यांत तुम्ही पाहिला असेल. १ डिसेंबरच्या रात्री अड्यार नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. १८७८ पासून चालत आलेलं 'द हिंदू' हे वर्तमानपत्र २ डिसेंबरला चेन्नईत निघू शकलं नाही, यावरून कल्पना करा. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्या, फ्रिज आणि संगणकांचे ढीग लागले होते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ नदीच्या जवळ तळमजल्यावर राहत. तंजावरी मराठी. शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात, इकडे तंजावरी मराठी ब्राह्मणांना तसंच म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते मोडी शिकले आणि तंजावरचे मोडी कागद वाचून त्यांचं देवनागरी लिप्यंतर संगणकावर उतरवत बसले. अकरा वर्षांचं काम. माणूस शिस्तीचा, म्हणून दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढायचे. ती डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खालच्या खणात असायची. पाणी साडेचार फूट चढलं.

आता यातली गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा. त्यांचा पासपोर्ट भिजून लगदा झाला, तर परराष्ट्र खात्याने पूरग्रस्तांना नवे पासपोर्ट विनाशुल्क दिले. घराचं खरेदीखत गेलं, त्याची नक्कल निबंधक कार्यालयात होती. कारण या कागदांची दुसरी प्रत सरकारकडे असते. अकरा वर्षांच्या लिप्यंतराची दुसरी प्रत कोणत्याच कार्यालयात नव्हती. २०१३ मध्ये एका भाषणासाठी त्यांनी मला चौदा पानं ईमेलने पाठवली होती. तेवढीच राहिली. मूळ मोडी कागद तंजावरला आहेत, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची अकरा वर्षं परत कुठून आणायची? मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "कर्नलसाहेब, वाचलेलं सगळं डोक्यात आहे, फक्त रुमालांचे नंबर तेवढे गेले." मला तिथे बसल्या बसल्या सभासद आठवला.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे थोडं समजून घ्या. आत चकत्या असतात, त्या मिनिटाला पाच-सात हजार वेळा फिरतात, आणि वाचणारं टोक त्यांना न टेकता केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. मधे धुळीचा कण आला तरी पंचाईत. पुराच्या चिखलाची गोष्टच सोडा. भिजलेली डिस्क घरी वाळवून "चालते का बघू" म्हणून बटण दाबणं हा शेवटचा घाव ठरतो. तशीच बंद ठेवून जाणकाराकडे द्यावी. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं. ती बिघडताना आवाजही करत नाही, एका सकाळी नुसती गप्प होते.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक हिशेब लोकप्रिय केला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. रायरांकडे पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ होत्या. तिसरी नव्हती. खूप जण मला सांगतात, "आमचं सगळं क्लाउडवर आहे." चांगलं आहे, पण नीट बघा. फोनवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जात असेल, तर ती आरशातली प्रतिमा झाली, दुसरी प्रत नव्हे. आणि पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत असेल, तर तुमच्यानंतर घरच्यांच्या हाती काय लागणार?

प्रत असूनही माणूस अडतो, याचं उदाहरण पुन्हा लंडनचंच देतो. मद्रासच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रंथालयावर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. त्यांनी यंत्रणा बंद पाडली, माहिती चोरली, ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ मध्ये कशीबशी परत आली, बाकीच्या सेवांना आणखी कितीतरी काळ लागला. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या. पण त्या परत भरायच्या कुठे? यंत्रणा जुन्या होत्या, सर्व्हर निकामी झाले होते. १६७७ ची शाईची वही कपाटात जागच्या जागी होती, पण तिचा क्रमांक सांगणारा संगणक आंधळा झाला होता. दारूगोळा कोठारात आहे पण किल्ली मिळत नाही, असली अवस्था फौजेत आम्हाला शिकवतानाच घडवून आणायचे, म्हणजे खऱ्या वेळी हातपाय गळत नाहीत. इथे चेन्नईतच, सेंट थॉमस माउंटच्या प्रशिक्षण संस्थेत आमचे उस्ताद रात्री दोनला उठवून सांगायचे, "वायरलेस सेट बंद पडला असं समजा. आता?"

घरी हीच तालीम करता येते. प्रत काढली म्हणून निर्धास्त न राहता, ती दुसऱ्याच संगणकावर उघडून बघायची. मी या मालिकेच्या सगळ्या भागांचं तसं करतो. एक संच चेन्नईत माझ्याकडे, एक क्लाउडवर, एक डिस्क पुण्यात धाकट्या भावाकडे. दर महिन्याच्या एक तारखेला तो कुठलेही दोन भाग लावून बघतो आणि मला फोन करतो. गेल्या महिन्यात वांदिवाशच्या लढाईचा भाग त्याच्या डिस्कवर उघडेना. माझ्याकडचा उघडला. नवी डिस्क घेतली, सगळे भाग परत भरले, दोघांनी मिळून पाऊण तास खर्च केला. जुनी डिस्क त्याने बाजूला काढून ठेवली आहे.