सिंदेवाहीभोवतीचे संशोधन : धान, शिलालेख, डायनासोर आणि नवजात बाळ

१/ गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नागभीड आणि मूल यांच्या दरम्यान सिंदेवाही लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटते. मात्र हे गाव आणि त्याभोवतीचा चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश यांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जे संशोधन झाले, त्याची विविधता थक्क करणारी आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम प्रशासकीय चित्र पाहू. येथील महाविद्यालये आधी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ पासून ती गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र मात्र १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. एकाच तालुक्यात ज्ञानाच्या दोन स्वतंत्र चौकटी आहेत.

३/ या केंद्राचा मुख्य विषय धान. झाडीपट्टीत बांध्यांची शेती, मामा तलाव आणि बोड्यांचे पाणी, आणि पावसावर अवलंबून असलेली रोवणी हेच जगण्याचे गणित. त्यामुळे पूर्व विदर्भाच्या हवामानाला सोसतील असे वाण शोधणे हे येथे प्रतिष्ठेचे नव्हे, पोटाचे संशोधन होते. ‘सिंदेवाही’ हे गावाचे नावच काही वाणांना मिळाले आहे.

४/ सिंदेवाहीला लागून असलेल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. (मराठवाड्याचे नांदेड वेगळे.) तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी, शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलेले. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग निराळा, दाणा बारीक.

५/ त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, बियाणे निराळे ठेवले आणि पुढच्या हंगामात निराळे पेरले. धान हे प्रामुख्याने स्वपरागित पीक आहे. त्यामुळे वेगळ्या लोंबीची संतती बरीचशी तिच्यासारखीच निघते, आणि नको ती रोपे दर हंगामी उपटत गेल्यास वाण स्थिर होत जाते. खोब्रागडे यांनी वर्षानुवर्षे नेमके हेच केले. वनस्पतिशास्त्रात या पद्धतीला ‘निवड’ म्हणतात.

६/ १९९०च्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात पोहोचले. नाव विचारले गेले, तर नाव नव्हतेच. त्या काळी ‘एचएमटी’ घड्याळाची मोठी चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले आणि ते चिकटले. पुढे हा बारीक, चवदार तांदूळ विदर्भाबाहेरच्या राज्यांतही पसरला.

७/ येथून वाद सुरू होतो. खोब्रागडे यांचे म्हणणे असे की १९९४ साली सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. त्यात त्यांच्या नावाला स्थान मिळाले नाही. विद्यापीठाची भूमिका अशी की मूळ वाण शुद्ध करून त्यावर शास्त्रीय काम करण्यात आले.

८/ दोन्ही बाजूंचे श्रम खरे मानता येतात. भेसळ काढणे, अनेक ठिकाणी चाचण्या घेणे, शिफारस करणे हे काम संस्थाच करू शकते. तथापि शुद्ध करायला आधी काहीतरी असावे लागते, आणि ते ‘काहीतरी’ कोणाच्या बांधीत जन्मले हा प्रश्न शुद्धीकरणाने पुसला जात नाही.

९/ २००१ साली संसदेने वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्यानुसार शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते आणि अर्जदाराला मूळ बियाणे कोठून आले ते सांगावे लागते. खोब्रागडे यांचे एचएमटी या कायद्याच्या आधीचे. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याची अखेर आर्थिक विवंचनेत गेली.

१०/ आता त्याच नागभीड परिसरातले दुसरे गाव, देवटेक. येथे सापडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. एक मौर्यकालीन ब्राह्मीत, प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा. दुसरा त्याच्या सुमारे सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. शिळा एक, काळ दोन.

११/ या लेखांचा उलगडा करण्यात नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांचा वाटा मोठा. अक्षरांची वळणे शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी काळ ठरवला आणि लेखातील ‘चिकंबरी’ म्हणजे जवळचेच चिकमारा हे गाव, असे ओळखले. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. आज ज्या टापूत माणूस आणि वाघ यांचा संघर्ष रोजची बातमी आहे, तेथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्राणिहत्येला मनाई करणारी राजाज्ञा कोरली गेली होती.

१२/ आणखी दक्षिणेकडे, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात येथील चुनखडीत माशांचे जीवाश्म मिळाले. युरोपातील जीवाश्मांशी त्यांची तुलना झाली आणि हा खडक जुरासिक काळाचा ठरला. भूशास्त्रात या थराला आजही ‘कोटा’ हेच नाव आहे.

१३/ याच थरात, नदीपलीकडे आजच्या तेलंगणात, एक महाकाय शाकाहारी डायनासोर सापडला. शोधणारी संस्था कोणती? कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था! तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या साहाय्याने संस्थेत भूशास्त्राचे काम सुरू करवले होते.

१४/ उत्खनन झाले तेव्हा, १९६१ साली, रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती. म्हणून १९७५ साली प्राण्याचे शास्त्रीय नाव ठरले ‘बारापासॉरस टागोराय’. ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोरचा सांगाडा उभा आहे, तो असा.

१५/ महालनोबिस यांचा मूळ विषय भौतिकशास्त्र; पण त्यांच्या सांख्यिकीचा एक मोठा भाग शेतातून आला. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर १९१९ पासून रोथॅमस्टेडच्या कृषी केंद्रात काम करीत होते. कोणते खत, कोणते बियाणे खरोखर सरस, हे कसे ठरवावे? वाफे पाडा, चिठ्ठ्या टाकून वाटप करा, शेजारी-शेजारी तुलना करा. महालनोबिस यांनी ही दृष्टी बंगालच्या धानापर्यंत आणली.

१६/ पुढे वाफ्यांतली ही तुलना वैद्यकात शिरली. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ साली गडचिरोलीत आले. नवजात बालकांचे मृत्यू गावातच रोखता येतील का, हे पाहण्यासाठी त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि ४७ गावांशी तुलना केली. येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, पण तुलनेचे तत्त्व तेच होते.

१७/ १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवा हा ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाला. अल्पशिक्षित स्त्री नवजात बाळाचा श्वास मोजू शकते, त्याचा आजार ओळखू शकते, हे या संशोधनाने सिद्ध केले. येथे गावातली व्यक्ती केवळ अभ्यासाचा विषय राहिली नाही, ती संशोधनात सहभागी झाली.

१८/ धान, शिलालेख, जीवाश्म, नवजात बाळ. विद्यापीठाच्या इमारतीत या विभागांचे मजलेही वेगळे असतात. तरीही चौघांचे मूळ कृत्य एकच आहे : दोन वस्तू शेजारी ठेवणे आणि फरक नीट पाहणे. मिराशी यांनी अक्षरे ठेवली, भूशास्त्रज्ञांनी मासे, बंग दांपत्याने गावे. खोब्रागडे यांनी लोंब्या.

१९/ यातील पहिल्या तिघांच्या निरीक्षणाला शोधनिबंध, ग्रंथ, संग्रहालय अशी नोंदीची जागा तयार होती. चौथ्याच्या निरीक्षणाला बाजारपेठ मिळाली, घड्याळाचे नाव मिळाले, आणि शोधकाचे नाव बराच काळ बाहेर राहिले. संशोधनाचा इतिहास लिहिताना केवळ विद्यापीठांची दप्तरे चाळली, तर हा चौथा माणूस पुन्हा सुटेल.

२०/ आज एचएमटी तांदळाच्या पोत्यावर गिरणीचे नाव असते, व्यापाऱ्याचे असते. नागभीडच्या नांदेडचे नाव सहसा नसते. घरी हा तांदूळ शिजत असेल, तर त्याचा इतिहास निदान घरातल्यांना सांगावा. (समाप्त)