‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ : या वाक्यात नेमकं काय चुकतं?

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय.’ मराठीत हे वाक्य अगदी बरोबर आहे. पण ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं, की ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असं होतं आणि त्यात एक नाही, दोन चुका होतात.

पहिली चूक काळाची. मराठीत ‘पासून’ लावलं की साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. क्रिया मागे सुरू झाली हे ‘पासून’ सांगतं, क्रियापदाला काही करावं लागत नाही. इंग्रजीत मात्र ही गोष्ट क्रियापदातच दाखवावी लागते. त्यासाठीचा काळ म्हणजे प्रेझेंट परफेक्ट कंटिन्यूअस, मराठीत चालू पूर्ण वर्तमानकाळ. रचना सोपी आहे : कर्त्यानंतर ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ आणि पुढे ‘इंग’ लावलेलं क्रियापद. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. ही अडचण फक्त मराठी माणसाची नाही. जर्मन आणि फ्रेंचमध्येही अशा ठिकाणी वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे ते बोलणारेही इंग्रजीत इथेच अडखळतात.

दुसरी चूक ‘सिन्स’ची. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्हींना मराठीत एकच ‘पासून’ चालतं. इंग्रजीत क्रिया जिथून सुरू झाली त्या क्षणाला ‘सिन्स’ (सिन्स मंडे, सिन्स 2019) आणि मधल्या कालावधीला ‘फॉर’ (फॉर थ्री डेज). गोंधळ झाला तर ‘पासून’ काढून ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघा. ‘गेले तीन दिवस’, ‘गेली पाच वर्षं’ जमतं, तिथे ‘फॉर’. ‘गेली 2019’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘सिन्स’.

काळ चुकला तर कधी कधी अर्थच उलटतो. मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं, तर समोरचा समजतो की ती नोकरी सुटली आहे. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणायला हवं. डॉक्टरला ‘आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ सांगितलं, तर ताप उतरला असा अर्थ होतो. ताप अजून असेल तर ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’.

इथे ‘हॅव बीन हॅविंग’ का नाही? कारण ताप असणं, ओळखणं, माहीत असणं, आवडणं या कृती नाहीत, स्थिती आहेत, आणि अशा क्रियापदांना सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘हॅव बीन नोइंग’ कधीच नाही.

हाच काळ नुकत्याच थांबलेल्या क्रियेलाही चालतो, जर तिच्या खुणा समोर दिसत असतील तर. पाऊस थांबलाय, पण रस्ता ओला आहे : ‘इट हॅज बीन रेनिंग’. डोळे लाल दिसले की ‘हॅव यू बीन क्रायिंग?’ मात्र मोजून सांगायचं असेल तर ‘इंग’ गळतं. तीन ईमेल लिहून झाले तर ‘आय हॅव रिटन थ्री ईमेल्स’. सकाळपासून ईमेल लिहिण्यातच वेळ चाललाय, तर ‘आय हॅव बीन रायटिंग ईमेल्स सिन्स मॉर्निंग’. याहून नेटकं हवं तर ‘ऑल मॉर्निंग’.

प्रश्न विचारताना ‘कधीपासून थांबलायस?’चं ‘सिन्स व्हेन’ करू नये. व्याकरणात ते बसतं, पण इंग्रजी कानाला ते बरेचदा ‘हे कधीपासून सुरू झालं बुवा?’ असं टोचून विचारल्यासारखं लागतं. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन वेटिंग?’ हा साधा, सभ्य प्रश्न.

आणि पोस्ट टाकण्यापूर्वी स्पेलिंग बघावं. ‘बीन’च्या जागी ‘बीइंग’ लिहिण्याची चूक फार दिसते, कारण घाईत दोन्ही कानाला सारखेच वाटतात. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च्या लगेच पुढे या रचनेत ‘बीन’च येतं, ‘इंग’ त्याच्या पुढच्या क्रियापदाला.