उभ्या गाडीचा कायदा

आजचा भाग जरा घरचा आहे, म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

आमच्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. बाबांची. बाबा २०२१ मध्ये गेले आणि त्यानंतर ती गाडी पुण्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडबाहेर, गुलमोहराखाली उभी राहिली. आतली पार्किंगची जागा शेजाऱ्यांना देऊन झाली होती. मला ऑफिसची कॅब, आईला चालवता येत नाही. पहिलं वर्ष मी रविवारी चावी फिरवून इंजिन चालू करायचो, मग बॅटरी गेली, मग मागची दोन्ही टायरं बसली. इन्शुरन्स २०२२ च्या ऑक्टोबरात संपला. नूतनीकरणाचे मेसेज येत होते, पण मी मनात म्हणालो, जी गाडी हलतच नाही तिचा कसला विमा?

या वर्षी फेब्रुवारीत, रात्री पावणेअकराला, एक डिलिव्हरीवाला मुलगा स्कूटरवरून येऊन तिच्या मागच्या बंपरवर आदळला. रस्त्यावरचा दिवा बंद होता. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, बिल भरलं. आणि तो मुलगा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला विचारत होता, "दादा, गाडीचं काही नुकसान नाही ना झालं?"

घरी येताना मी स्वतःला समजावत होतो की आमची काय चूक, गाडी तर उभी होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका वकील मित्राला फोन केला. त्याने एकच विचारलं: "रस्त्यावर उभी होती ना? मग वापरात होती."

हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. आम्ही कोड लिहिणारी माणसं, आमच्यासाठी गाडी चालू किंवा बंद, मधलं काही नाही. पण मी वाचत गेलो तसं लक्षात आलं की कायद्याचा प्रश्न आमच्यापेक्षा वेगळाच आहे. गाडी चालू आहे की बंद हे तो विचारतच नाही. ती कुठे आहे, हे विचारतो. हा प्रश्न कसा तयार झाला, तोच आजचा इतिहास.

भारतभर लागू होणारा मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. नोंदणी, चालकाचा परवाना, बेदरकार चालवण्याला शिक्षा, एवढ्यावर तो भागला. सक्तीचा विमा त्यात नाही. म्हणजे गाडीने तुम्हाला उडवलं तर मालकावर दावा लावा, जिंका, आणि मालकाकडे पैसे नसतील तर निकालाचा कागद घेऊन घरी जा. इंग्लंडातही हीच रड होती. तिथे १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. गंमत म्हणजे त्याच कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादा उठवली. एका हाताने वेग दिला, दुसऱ्या हाताने विमा मागितला.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्यात विम्याचं प्रकरण होतं. पण कायदा १९३९ मध्ये लागू झाला आणि विम्याचं प्रकरण लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. मध्ये सगळं महायुद्ध होऊन गेलं.

आता इथे शब्द बघा, कारण सगळी मेख शब्दात आहे. १९३९ च्या कायद्याचं कलम ९४ आणि आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याचं कलम १४६, दोन्हींचा सांगाडा सारखाच: विमा अंमलात असल्याशिवाय सार्वजनिक जागी वाहनाचा 'वापर' करू नये, दुसऱ्याला करू देऊ नये. 'चालवू नये' असं नाही. त्याच १९८८ च्या कायद्यात नोंदणीचं कलम ३९ आहे, तिथे मात्र 'चालवणे' हाच शब्द आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना दोन शब्द माहीत होते, आणि विम्यासाठी जास्त रुंद शब्द निवडला गेला. 'सार्वजनिक जागा' म्हणजे काय तेही दिलं आहे: रस्ता, गल्ली, वाट किंवा जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही जागा. आमचा गुलमोहर त्यात आरामात बसतो.

पण 'वापर' म्हणजे काय? याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर इंग्लंडातून आलं, आणि ती गोष्ट वाचताना मला आमचीच गाडी दिसत होती.

डिसेंबर १९५८. एका गृहस्थाची गाडी बंद पडली. त्याने ती आपल्या घरासमोर रस्त्यावर लावून ठेवली. इंजिन चालत नव्हतं, बॅटरी काढलेली, चाकांखाली जॅक लावले होते. विमा नव्हता. पुढे फेब्रुवारीत पोलिसांनी खटला भरला. गृहस्थाचं म्हणणं अगदी माझंच: जी गाडी चालूच शकत नाही ती मी वापरतो कसा? 'एलियट विरुद्ध ग्रे' या नावाने हा खटला वकिलांना पाठ असतो. निकाल दिला मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड पार्कर यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इथे वापर करणे म्हणजे वापर हाताशी असणे. गाडी तुमची, तुमच्या ताब्यात, रस्त्यावर, आणि इंजिनाशिवायही हलवता येण्यासारखी. उतारावर उभ्या गाडीचा हँडब्रेक सुटला तर ती कुणाच्या अंगावर जाईल, तेव्हा तिला इंजिनाची गरज पडत नाही. गृहस्थ हरले.

मग कुणीतरी विचारणारच की गाडी अजिबात हलत नसेल तर? विचारलं. १९९६ च्या एका इंग्लिश खटल्यातली गाडी अशी होती की ब्रेक जाम, टायर बसलेली, गिअरबॉक्समध्ये तेल नाही. दुरुस्त केल्याशिवाय ढकलूनही जाणार नाही. तरी न्यायालय म्हणालं, रस्त्यावर आहे म्हणजे वापरात आहे, विमा हवाच. आमच्या मागच्या दोन टायरांचा बचाव इथेच संपला.

तुम्ही म्हणाल हे सगळं साहेबाच्या देशातलं. तर चला साताऱ्याला.

२९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट, तीनच्या सुमाराची वेळ. राष्ट्रीय महामार्ग ४ वर सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पुण्याकडून बंगळूरकडे जाणारा पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा कांद्यांचा ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्ता सोडून सुमारे २० फुटांवर जाऊन आडवा झाला. पेट्रोल गळत राहिलं, आजूबाजूला साचलं, उजाडल्यावर माणसं जमली. सव्वासातच्या सुमाराला स्फोट झाला. जमलेले लोक होरपळले, काही दगावले.

१९८२ च्या दुरुस्तीने १९३९ च्या कायद्यात एक नवी तरतूद आली होती: वाहनाच्या वापरातून अपघात होऊन मृत्यू झाला तर चूक कुणाची हे सिद्ध न करता वारसांना १५,००० रुपये. रक्कम आज किरकोळ वाटते, पण गावातल्या घरासाठी तेव्हा ती मोठी होती. मयतांपैकी एकाच्या घरच्यांनी ती मागितली. टँकरच्या बाजूने म्हणणं आलं की धडक पहाटे तीनला झाली आणि संपली. स्फोट चार तासांनी झाला, तेव्हा टँकर आडवा पडलेला, तो 'वापरात' कसा? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ मध्ये निकाल लागला. 'वापर' हा शब्द रुंद अर्थाने घ्यायचा. वाहन चालत असताना होणारे अपघात त्यात येतात तसे ते स्थिर असतानाचेही येतात. बिघडून किंवा अपघाताने जागेवर पडलं म्हणून वापर संपत नाही. वारसांना पैसे मिळाले.

हा निकाल मी दोनदा वाचला. पहिल्या वेळी माझ्या विरुद्ध जातो म्हणून राग आला. दुसऱ्या वेळी वाटलं, मी टँकरमालकाच्या बाजूने का वाचतोय?

चूक सिद्ध न करता भरपाई, ही तरतूद अजून आहे आणि रकमा वाढल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १६४ मध्ये मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि ते देणार मालक किंवा विमा कंपनी. हाड मोडणं आपल्या फौजदारी कायद्यात गंभीर दुखापतीतच येतं. आमच्याकडे विमा कंपनी नव्हतीच. त्या मुलाने दावा केला नाही. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही नव्हतं. शिवाय विम्याशिवाय वापराचा दंड वेगळा: पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००. दंड आणि जबाबदारी यांच्यातलं अंतर बघा.

आता कराचं. कराचा कायदा जरा समजूतदार आहे. महाराष्ट्रात १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात पहिल्यापासून सोय आहे की गाडी अमुक काळ वापरात नव्हती असं अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेतलं तर त्या काळासाठी ती वापरात धरली जात नाही. मात्र असं सांगितलं नाही तर ती वापरात आहे असंच गृहीत. ट्रकवाले, बसवाले हे 'नॉन-यूज' प्रकरण नीट ओळखतात. आपण खासगी गाडीवाले एकरकमी कर भरून मोकळे होतो, त्यामुळे आरटीओला "गाडी उभी आहे" असं सांगण्याची वेळच येत नाही.

इंग्लंडने हा 'सांगण्याचा' मुद्दा पुढे नेला. १९२१ पासून तिथे कर भरल्याची गोल चकती काचेवर लावावी लागायची. ३१ जानेवारी १९९८ पासून नियम आला की गाडीचा कर भरायचा नसेल तर ती रस्त्यावर नाही असं सरकारला कळवा. त्याला 'सॉर्न' म्हणतात. कळवल्यावर गाडी खासगी जागेत हवी, सार्वजनिक रस्त्यावर दिसली की गुन्हा. २०११ पासून विमाही असाच जोडला: एक तर विमा ठेवा, नाही तर सॉर्न करा. गाडी पकडायला रस्त्यावर शिपाई लागत नाही, दोन डेटाबेस जुळवले की झालं. (ती गोल चकती २०१४ मध्ये बंद झाली.) आपल्याकडे विम्यासाठी असा 'उभी आहे' म्हणून नोंदवायचा पर्याय नाही. कागदपत्रं तपासतात ती चालत्या गाडीची. त्यामुळे गुलमोहराखालची गाडी अडीच वर्षं कुणाला दिसलीच नाही.

दिसली ती मार्चमध्ये, आणि कागदपत्रांसाठी नाही. काचेवर स्टिकर लागलं: 'बेवारस वाहन', सात दिवसांत हलवा. अशा कारवाईमागे महापालिका कायद्यांबरोबर मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ ही असतं. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेलं वाहन गणवेशातला पोलीस अधिकारी टो करायला सांगू शकतो, खर्च मालकाचा. दहा तास! रात्री नऊला लावून सकाळी आठला काढणारे आपण सगळेच त्यात बसतो. अर्थात तसं कुणी करत नाही, पण शब्द तिथे आहेत.

आईने तो स्टिकर वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बेवारस? मग तू कोण?"

मी कागद काढले. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मग ३ महिने गाडी स्वतःची असल्यासारखी वापरता येते आणि तेवढ्यात ती आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. आरसी बुकावर अजून बाबांचं नाव. १५ वर्षांनंतर बाबांनीच २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती, ती २०२४ मध्ये संपली. म्हणजे स्टिकरवाल्याने अंदाजाने लावलेला शब्द कागदावर जवळजवळ खरा होता.

सात दिवस होते. सहाव्या दिवशी टोवाला आणून गाडी सासवडजवळ मामाच्या वाड्यात नेली. भिंत आहे, फाटक आहे, कुलूप आहे. वारसाचे कागद आता आरटीओत दिलेत. तो मुलगा दीड महिन्याने कामावर रुजू झाला. मध्ये एकदा त्याला पैसे द्यायला गेलो तर घेईना. त्याच्या वडिलांनी घेतले.

आई परवा मामाकडे जाऊन आली. म्हणाली, मामीने बॉनेटवर वाळवण घातलंय.