तंबाखूवरील कर आणि चोरवाटा

इंग्लंडचा पहिला जेम्स राजा तंबाखूचा कट्टर द्वेष्टा होता. १६०४ सालीं त्यानें तंबाखूच्या धुराविरुद्ध एक तिखट पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षीं तंबाखूवरील जकात दर रत्तलामागें २ पेन्सांवरून ६ शिलिंग १० पेन्सांवर नेली. म्हणजे एकेचाळीसपट केली! हा हिशेब फळ्यावर मांडला कीं वर्गांतील मुलें हमखास हंसतात. परिणाम व्हावयाचा तोच झाला. चोरटा माल देशांत येऊं लागला आणि थोड्याच वर्षांत राजाला जकात पुष्कळ खालीं आणावी लागली. ‘कर चढला कीं चोरटा व्यापार वाढतो’ हें सूत्र आम्ही या कथेच्या आधारें पुष्कळ वर्षें शिकवीत आलों. कॅनडाचा अलीकडचा इतिहास वाचल्यावर मात्र तें अर्धेंच खरें आहे, असें आम्हांस कबूल करावें लागत आहे.

१९९१ सालीं कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें सिगारेटींवरील कर एकदम चढविला. निर्यातीच्या मालाला मात्र हा कर लागू नव्हता, आणि सारी मेख येथेंच होती. कॅनडांतील कारखान्यांतून निघालेल्या करमुक्त सिगारेटी राजरोसपणें अमेरिकेंत जात; तेथील वखारींतून सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं येत; आणि रात्रीं होड्यांतून, हिंवाळ्यांत गोठलेल्या पात्रावरून, पुन्हां स्वदेशीं परतत. या नदीवर अक्वेसास्ने ही मोहॉक लोकांची वसाहत आहे. ऑन्टारिओ, क्वेबेक आणि न्यूयॉर्क या तिन्ही राज्यप्रांतांच्या सीमा तेथें भिडतात. त्यामुळें सर्व दोष त्या मूळ रहिवाशांच्या माथीं मारणें फार सोपें झालें. पण कॅनडाची सिगारेट अमेरिकन माणसास सहसा रुचत नाहीं. मग एवढा माल तिकडे कोणासाठीं जात आहे, हा प्रश्न कारखानदारांना कधींच पडला नसेल काय?

फेब्रुवारी १९९२ मध्यें सरकारनें निर्यातीवर दर २०० सिगारेटींमागें ८ डॉलर कर बसविला, आणि निर्यात झपाट्यानें उतरली. औषध लागू पडलें होतें! परंतु कारखानदारांनीं गिल्ला केला, कारखाने परदेशीं हलविण्याची भाषा केली, आणि दोन महिन्यांच्या आंतच तो कर रद्द झाला. चोरवाट पुन्हां वाहूं लागली. अखेर ८ फेब्रुवारी १९९४ रोजीं पंतप्रधान जां क्रेतियें यांनीं सिगारेटींवरील कर उतरविल्याची घोषणा केली. क्वेबेक, ऑन्टारिओ आणि पूर्वेकडील तीन प्रांतांनीं आपलेही कर उतरविले. चोरी घटली, हें खरें. पण त्याच वेळीं निर्यातीवरील करही पुन्हां बसविण्यांत आला होता, हें करकपातीचे गोडवे गाणारे सांगत नाहींत. महसूल बुडाला तो बुडालाच. शिवाय या प्रांतांत धूम्रपान कमी होण्याची गतिही मंदावली.

पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया, आल्बर्टा वगैरे प्रांतांनीं मात्र कर उतरविला नाहीं. आमचें सूत्र पुरतें खरें असतें, तर तेथें चोरट्या मालाचा पूर यावयास हवा होता. तसें घडलें नाहीं.

पुढें ३१ जुलै २००८ रोजीं इम्पीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन ॲन्ड हेजेस या दोन कंपन्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. दंड आणि तडजोड मिळून १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें त्यांनीं मान्य केलें. २०१० मध्यें आणखी एका कंपनीनें हाच मार्ग धरिला. चोरांच्या भीतीनें कर उतरवा, असें जे सरकारास सांगत होते, त्यांच्याच कोठारांतून चोरांना माल मिळत होता तर!

जेम्स राजाची गोष्ट आम्ही शिकविणें सोडणार नाहीं. मुलांना ती आवडते. तिला कॅनडाची ही पुरवणी मात्र यंदापासून जोडावयाची आहे. वेळापत्रकांत त्यासाठीं एकच तास आहे, एवढीच काय ती अडचण.